हपिसातली धुई

नाकाचा घोळणा फुटणं हे शाळकरी पोरांचं दुखणं. उन्हात खेळून आलं, नाक वाहिलं, आईनं टाळूवर पाणी थापलं, संपलं. चाळिशी ओलांडलेल्या, चष्मा लागलेल्या आणि लातुरात एका डाळ मिलसाठी तुरीची खरेदी करणाऱ्या माणसाला ते शोभत नाही. मला झालं. आणि झालं तेही अशा उन्हाळ्यात, की टाळूवर थापायला पाणी नव्हतं.

तो उन्हाळा लातूरकरांना समजावून सांगावा लागत नाही. शहराला पाणी रेल्वेनं आलं, ते त्याच वर्षी. आमच्या मिलच्या ऑफिसात दरवर्षी खिडकीला वाळ्याचा कूलर लागायचा. त्या वर्षी मालकांनी तो बंद करायला लावला. कूलर बादल्यांनी पाणी पितो आणि बाहेर बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघतात, हे दारावरून जाणाऱ्याला बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच्या जागी एसी आला. एसीनं गारवा दिला, पण हवेत जो काही ओलावा उरला होता तोही शोषून घेतला. ओठ फुटले, डोळे चुरचुरायला लागले आणि पंधरवड्याच्या आत माझं नाक वाहायला लागलं.

माझं टेबल दारातून आत आलं की पहिलंच. शेतकरी किंवा खेड्यातला व्यापारी गाडी बाहेर उभी करून वाटीभर नमुना घेऊन आत यायचा. मी तो पितळी ताटलीत पसरायचो, दाणा पाहायचो, काडीकचरा पाहायचो, दोन गोष्टी बोलायचो आणि मग तोच नमुना मॉइश्चर मीटरमध्ये घालून ओलावा पाहायचो. ओलावा ठरल्यापेक्षा जास्त निघाला तर भाव पाडायचा नाहीतर माल परत. ओल्या तुरीची डाळ नीट फुटत नाही, गिरणीत चिकटते. थोडक्यात, आलेल्या माणसाचं वर्षाचं पीक त्या ताटलीत असायचं आणि त्यावर मी वाकलेला असायचो. एके दिवशी वाकलो असताना नाकातून थेंब पडला, तो नेमका ताटलीत.

 समोरच्या माणसानं नमुना परत वाटीत ओतला, माझ्याकडे, मग ताटलीकडे पाहिलं आणि समोरच्या मिलमध्ये निघून गेला.

मालकांना आम्ही सगळे अप्पा म्हणायचो. मूळचे उदगीरचे, लिंगायत, सकाळची पूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारे, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे. रागावले की आवाज खाली जायचा. त्या दिवशी तो इतका खाली गेला की मला खुर्ची पुढे ओढावी लागली.

"माल घेणाऱ्याच्या टेबलावर रक्त दिसू नये," ते म्हणाले. "आधी नाक नीट करा. मग उदगीरचं बघू."

उदगीरचं काय होतं ते सांगतो, कारण पुढचा सगळा वेडेपणा मी त्यासाठीच केला. नवे जिल्हे होणार अशी तेव्हा हूल होती आणि त्यात उदगीरचं नाव पुढे होतं. आमच्याकडे जिल्ह्याची हूल दर काही वर्षांनी उठते आणि बसते, पण त्या वेळी ती जरा टिकली. जिल्हा झाला की गाव वाढणार, वाढायच्या आधी जागा धरावी, म्हणून अप्पा तिथं खरेदीचं ऑफिस काढणार होते. तिथल्या टेबलावर कुणाला बसवायचं हे ठरायचं होतं आणि मी मनातल्या मनात कधीच जाऊन बसलो होतो. माझं घर उदगीरला. बायको तिथल्या शाळेत शिक्षिका, आई तिथं, मुलगी तिथं. मी लातुरात एका खोलीत राहून बाजाराच्या सुट्टीला घरी जायचो. मुलगी लहान होती तेव्हा मला पाहुणा समजून पाण्याचा तांब्या आणून द्यायची. मोठी झाल्यावर तेही देईना.

नाकावर उपाय सुचवायला लातुरात वैद्य लागत नाही. मुनीमजींनी तूप सोडायला सांगितलं, हमालांच्या मुकादमानं कांदा हुंगायला दिला, चहावाल्यानं दूर्वांचा रस सांगितला आणि वर दूर्वा यंदा कुठंच नाहीत हेही सांगितलं. शेवटी डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, एसीची हवा कोरडी आहे, नाकाच्या आतली कातडी तडकते. एसी बंद करा नाहीतर टेबलापाशी हवा ओली करणारं छोटं यंत्र मिळतं, ते ठेवा. एसी बंद करणं माझ्या हातात नव्हतं. ह्युमिडिफायर हा शब्द मी घरी येईपर्यंत तोंडात घोळवत आलो आणि बायकोला फोनवर सांगताना तो चुकलाच.

तिनं मला नांदेडला तिच्या बहिणीच्या नवऱ्याकडे, म्हणजे माझ्या साडूकडे पाठवलं. त्यांचं तिथं विजेच्या वस्तूंचं दुकान. साडू हा मोठा अवघड नातेवाईक. भावाचा सल्ला चुकला तर राग येतो, साडूचा सल्ला बरोबर निघाला तर येतो. त्यात आमचे साडूभाऊ नांदेडचे. गोदावरीकाठची माणसं पाण्याविषयी जरा सैल हातानं बोलतात. मी गेलो तर त्यांनी पाण्याचा भरलेला जग समोर ठेवला आणि मी तो संपवेपर्यंत लातूरची कीव केली.

मग त्यांनी काउंटरवर तीन यंत्रं मांडली. पहिलं पाणी तापवून वाफ सोडणारं. ते मीच बाजूला केलं. एप्रिलात टेबलावर चूल कोण ठेवील. दुसरं दिसायला डब्यासारखं. आत भिजणारी जाळी आणि मागे छोटा पंखा, म्हणजे कूलरचंच पोर. तिसरं थेंबाच्या आकाराचं, दुधी रंगाचं, आत निळा दिवा. बटण दाबलं की तोंडातून पांढराशुभ्र गार धूर.

साडूभाऊंनी मधला डबा माझ्याकडे सरकवला. टेबल केवढं, टाकी किती वेळ पुरते, आवाज किती, सगळं विचारून त्यांनी सांगितलं, की लातूरचं पाणी जड आहे. धूरवाल्यात पाण्यासोबत त्यातला चुनाही हवेत जातो आणि टेबलभर बसतो. जाळीवाल्यात तो जाळीतच अडकतो. जाळी लवकर खराब होईल, बदलावी लागेल, पण तुम्हाला हेच बरं.

मी डबा चालू करून त्यापुढे हात धरला. काही दिसेना.

"ह्याच्यातून काय निघून राहिलं?" मी विचारलं.

"ओली हवा."

"निघते हे कशावरून?"

"तुमच्या नाकाला कळल की, साडूभाऊ."

"माझ्या नाकाला कळून काय करू? अप्पांना कसं कळल?"

हे मी बोलून गेलो, आणि खरं कारण तेच. अप्पांनी नाक नीट करा म्हटलं होतं. मी नाक नीट करतोय हे अप्पांना दारातून दिसायला हवं होतं. टेबलावर डबा ठेवला तर त्यांना वाटणार, ह्यानं जेवणाचा डबा आणला. धूर निघाला की प्रश्न मिटला. साडूभाऊंनी खांदे उडवले आणि धूरवालं बांधून दिलं. बायकोच्या बहिणीनं आतून विचारलं, कोणतं घेतलं, तर ते म्हणाले, "दिसायला चांगलं ते."

ऑफिसात पहिल्या दिवशी मिरवणूक निघायचीच बाकी होती. हमाल कामं सोडून धूर बघायला आले. मुकादम म्हणाला, "गावाला पाणी रेल्वेनं यून राहिलं आन् साहेब हवंत उडवून राहिले." त्याचं बरोबर होतं, पण ह्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. प्यायच्या जारला मी हात लावणार नव्हतो. मिलच्या मागे एक बोअर होता. त्याला अजून थोडं पाणी येत होतं, इतकं खारं की म्हशीही तोंड लावून मागे सरायच्या. हातपाय धुतले की कातडी राठ व्हायची, बादलीला पांढरा थर धरायचा. तेच पाणी मी यंत्रात घातलं. पिण्याचं पाणी वाचवल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. साडूभाऊंनी चुन्याचं काय सांगितलं ते मला आठवत होतं, पण ते साडूभाऊंनी सांगितलं होतं.

दोनच दिवसांत टेबलावर पांढरी पूड दिसायला लागली. काचेवर, फोनवर, मीटरवर, पावतीपुस्तकावर. मी झाडणाऱ्या मावशींना म्हटलं, भिंतीचा रंग उडतोय. मावशी म्हणाल्या, भिंत पिवळी हाय. मी विषय बदलला. पूड माझ्या भुवयांवर आणि कपाळावरही बसत होती आणि मला विचार करताना बोटांनी कपाळ पुसायची खोड आहे. एका सकाळी अप्पा आत आले आणि माझ्यापुढे थबकले. बराच वेळ माझ्या कपाळाकडे पाहिलं. चेहरा मऊ झाला.

"चांगलं केलं," ते म्हणाले. "उशिरा का होईना, माणसाला वळण लागतं."

मला वाटलं, यंत्राविषयी बोलताहेत. मी म्हटलं, फरक पडला अप्पा, मन शांत वाटतंय. ते मान हलवत आत गेले. नंतर हात धुताना आरशात पाहिलं तर कपाळावर बोटांचे तीन पट्टे, आडवे, अगदी शिस्तीत. मुनीमजी मागे उभे राहून इतके हसले की त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला. अप्पांचा गैरसमज दूर करावा असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

आणि नाक खरंच थांबलं. रक्ताचा थेंब नाही. अप्पांनी उदगीरच्या जागेचं बोलताना मला शेजारी बसवून घेतलं. मी बायकोला फोन करून पक्कं झालं असं सांगून टाकलं. तिनं विचारलं, अप्पा म्हणाले का तसं? मी म्हटलं, म्हणाले नाहीत, पण मला शेजारी बसवलं. ती म्हणाली, मग मुलीला एवढ्यात सांगू नका.

इथवर सगळं ठीक होतं. पण धुरानं माझ्या चष्म्यावर ठिपके पडायला लागले. दर थोड्या वेळानं चष्मा पुसायचा, दर थोड्या वेळानं अक्षर धूसर. म्हणून मी यंत्राचं तोंड पलीकडे, येणाऱ्याच्या बाजूला फिरवलं. माझ्या आणि त्यांच्या मधे काय होतं? पितळी ताटली. धूर छान खाली यायचा, ताटलीवर पसरायचा आणि टेबलाच्या कडेवरून उतरायचा. मला ते शोभिवंत वाटायचं. नमुना पसरून मी माणसाशी पाऊसपाण्याच्या, म्हणजे नसलेल्या पाऊसपाण्याच्या गप्पा मारायचो आणि मग मीटर लावायचो.

मीटर ओलावा दाखवायला लागलं. एकाच्या तुरीत, दुसऱ्याच्या तुरीत, जवळजवळ प्रत्येकाच्या. मी भाव पाडले, माल परत पाठवले. वाद घालणाऱ्यांना मीटरचा काटा दाखवला. माणूस खोटं बोलतो, मीटर बोलत नाही, असं एक वाक्य मी त्या दिवसांत फार वापरलं. उन्हात तापून खडखडणारी तूर, खाली ओतली की गोट्यांसारखी वाजणारी, आणि मी तिला ओली म्हणत होतो. मला एकदाही शंका आली नाही. उलट वाटलं, लोक वजन वाढवायला पाणी मारून आणताहेत. दुष्काळात पाणी कुठून मारतील, हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला नाही. पहिले काही दिवस अप्पा खूश होते. कडक माणूस म्हणाले. मग समोरच्या मिलपुढे गाड्यांची रांग लागली आणि आमच्या दारात कुत्रं झोपायला लागलं.

अशात उदगीर रस्त्यावरच्या एका गावचे मामा आले. मामा असं सगळे म्हणायचे; वयानं अप्पांएवढे, स्वतःची शेती आणि गावातल्या दहाजणांचा मालही तेच विकायला आणायचे. त्या बाजूच्या खेड्यांत मामा जिकडे जातील तिकडे गाड्या जायच्या. उदगीरचं ऑफिस चालायचं तर मामा हवेतच. आठवड्यापूर्वी मी त्यांचा माल ओला म्हणून परत पाठवला होता. त्यांनी तो घराच्या पत्र्यावर पुन्हा वाळवून आणला होता. मी नमुना पसरला, गप्पा मारल्या, मीटर लावलं. पुन्हा ओला.

मामांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून अप्पांना हाक मारली. अप्पा बाहेर आले.

"अप्पा, माझ्या हिरीचा तळ दिसून राहिला," मामा म्हणाले. "तुमचं मीटर म्हनतंय तुरीत पानी हाय. आता तुमीच सांगा, घागर घेऊन हिरीत उतरू का पोत्यात?"

मुनीमजी हसले आणि अप्पांचा चेहरा पाहून थांबले. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. इथं मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण अप्पांपुढे, आणि तेही उदगीरकडच्या माणसासमोर, माघार घ्यायची तर उदगीर हातचं गेलं असं मला वाटलं. मी म्हटलं, आत्ता सिद्ध करून देतो. आपल्या गच्चीवर भरडायला वाळवलेली तूर आहे, तिच्याहून कोरडी तूर लातुरात नसेल. ती मागवू, दोन्ही नमुने लावू, मीटर खरं की खोटं कळेल.

गच्चीवरून वाटीभर तूर आली. मी ती ताटलीत पसरली. तेवढ्यात चहा आला. चहा आला की बोलणं थांबतं, ही आमच्याकडची रीत. भांडण असलं तरी कप खाली ठेवल्यावर पुढे चालू करायचं. मामा बशीत ओतून सावकाश पीत होते. अप्पा पीत होते. यंत्र त्याचं काम करत होतं. कप खाली आले आणि मी ऐटीत मीटर लावलं.

अप्पांची तूर मामांच्या तुरीहून ओली निघाली.

 अप्पा म्हणाले, मीटर बिघडलं, माणूस बोलवा, उघडून बघू द्या. माझा जीव भांड्यात पडला. मीटरवर गेलं म्हणजे माझ्यावर आलं नाही. त्याच वेळी कुणी तरी दार उघडून आत आलं, बाहेरचं ऊन तिरपं टेबलावर पडलं आणि त्या उन्हात मला दिसलं. धूर ताटलीवर बसलेला, पितळेच्या कडेला बारीक थेंब, आणि दाणे चमकणारे.

मी खरं बोललो ते प्रामाणिक आहे म्हणून नाही. मीटर उघडलं की आतून पांढऱ्या पुडीचा ढीग निघणार आणि मग अप्पा माझ्या कपाळाकडे पुन्हा नीट बघणार, हे मला दिसत होतं.

"अप्पा, मीटर चांगलं हाय," मी म्हटलं आणि यंत्राचं बटण बंद केलं. "हे माझं मशीन नमुना ओला करून राहिलं. इतक्या दिवसांचे सगळेच नमुने ओले झाले असतील."

मामा उठले. त्यांनी ताटलीतून पंजा फिरवला, तळहात पाहिला, धोतराला पुसला.

"तुरीवर धुई शेतात पडती, फुलं गळती, हे म्हाईत होतं," ते म्हणाले. "हपिसात पडलेली आज पाह्यली."

अप्पांनी मामांचा माल पुऱ्या भावानं उतरवून घ्यायला सांगितला. मग आवाज खाली नेऊन मला विचारलं, परत कुणाकुणाला पाठवलं ते आठवतं का. आठवत होतं. माल परत पाठवलेला माणूस खरेदीवाला विसरत नाही.

पुढचे काही दिवस मिलची जीप घेऊन मी गावोगाव फिरलो. चूक आमची झाली, माल घेऊन या, हे दारात जाऊन सांगायचं, फोनवर नाही, असा अप्पांचा हुकूम. काहींनी माल समोरच्या मिलला घालून टाकला होता. काहींनी बसायला बाज टाकली. एका आजीबाईंनी ओसरीवरूनच विचारलं, "मीटर आनलंय का संगं? मंग आमच्या रांजनाला लावा. त्यात काय दिसलं तर सांगा, आमी बी जरा पिऊ."  त्यांनी माल पाठवला मात्र.

उदगीरचं ऑफिस झालं. अप्पांनी त्याआधी मामांना विचारलं होतं, ह्याला तिकडे टेबलावर बसवलं तर तुमची गावं येतील का. मामांचं उत्तर मला मुनीमजींकडून कळलं, ते त्यांनी चवीनं सांगितलं: माणूस खोटा न्हाई, पन नमुना त्याच्या हाती देऊ नका.

अप्पांनी मला आत बोलावलं. मी उभा राहिलो.

"उदगीरला जावा," ते म्हणाले. "टेबलावर नाही. गोदामावर."

टेबलावर माझ्याच हाताखाली शिकलेला एक जण बसला. मी पोत्यांच्या थप्प्या, आवक, जावक आणि उंदीर यांच्या हवाली झालो. पगार तोच राहिला, मान राहिला नाही. गोदामाला एसी नसल्यामुळे नाकाचा प्रश्न उरला नाही. साडूभाऊंना कळलं तेव्हा त्यांनी फोन केला, यंत्राचा विषय काढला नाही, फक्त तब्येत विचारली. ते मला जास्त लागलं. जिल्ह्याची हूल नेहमीप्रमाणे बसली.

घरी मी सगळं सांगितलं तेव्हा बायको भाकरी करत होती. टेबल मिळालं नाही, गोदाम मिळालं, हे मी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा ती पुढची भाकरी थापत राहिली. दुसऱ्यांदा तिनं विचारलं, "गोदाम उदगीरलाच हाय ना?"

मी हाव म्हटलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

पहिल्या सुट्टीच्या संध्याकाळी मी ओसरीवर पेपर वाचत बसलो होतो. मुलीनं आतून माझी लातूरची पिशवी आणली, नेहमीच्या सवयीनं इस्त्रीचे दोन शर्ट तिच्यावर ठेवले आणि पिशवी दाराशी ठेवून बस किती वाजता आहे म्हणून विचारलं. मी काही म्हणायच्या आत बायको बाहेर आली, शर्ट काढून घेतले आणि तिला म्हणाली, "स्टूल आण. ती पिशवी माळ्यावर टाकायची."